कोकणातील नेपाळी कामगार आणि भारत–नेपाळ करार: एका बागायतदाराच्या तीन प्रश्नांना उत्तर

देवगड तालुक्यातील एका तरुण बागायतदाराने विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. त्यांच्या हापूसच्या बागेची राखण आणि फवारणी दोन नेपाळी कुटुंबे करतात, आणि त्यांच्या चुलत्यांच्या मासेमारी नौकेवर काही नेपाळी खलाशी आहेत. काठमांडूत सप्टेंबर २०२५ मध्ये सरकार पडले, त्या उलथापालथीनंतर त्यांना तीन शंका आल्या आहेत. या माणसांना पासपोर्ट-व्हिसा का लागत नाही, आणि दोन सरकारांचे बिनसले तर ही सवलत जाईल काय? त्यांची मजुरी रीतसर घरी कशी पाठवावी? आणि राखणदाराची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून पुढे जाऊन आता नववीत आहे, तिला पुढचे शिक्षण इथे घेता येईल काय? मी रत्नागिरीत वकिली करतो. बागायतदार, नौकामालक आणि त्यांच्याकडची नेपाळी माणसे यांची कागदपत्रे हा माझ्या कामाचा नित्याचा भाग आहे, त्या आधारावर उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे मूळ ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत झालेल्या शांतता व मैत्री करारात आहे. भारताचे राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह आणि नेपाळचे पंतप्रधान मोहन शमशेर जंगबहादूर राणा यांनी त्यावर सह्या केल्या. करारात अवघी दहा कलमे आहेत आणि आपल्या कामाचे आहे ते सातवे. निवास, मालमत्तेची मालकी, व्यापारउदीम आणि येणेजाणे या बाबतींत एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात परस्परतेच्या तत्त्वावर सारख्याच सवलती मिळतील, असे ते कलम सांगते. आपला राखणदार बनबसा किंवा गौरीफंटा येथून सीमा ओलांडून येतो, दिल्लीच्या निजामुद्दीन स्थानकावर मंगला एक्स्प्रेस धरतो आणि कोकणात उतरतो, त्यात कोठेही शिक्का मारला जात नाही, याचे कारण हे कलम आणि त्याला धरून केंद्र सरकारने दिलेली सूट. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे मोडीत काढून नवा एकत्रित कायदा आला, तेव्हाही नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांची ही सूट स्वतंत्र आदेशाने कायम ठेवण्यात आली. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा : नेपाळी माणूस चीन, हाँगकाँग, मकाऊ किंवा पाकिस्तानातून भारतात आला तर त्याला पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही लागतात.

बिनसले तर काय, याचे उत्तर मागच्या प्रसंगांत पाहावे. मार्च १९८९ मध्ये व्यापार व पारगमन करारांची मुदत संपली, नवे करार झाले नाहीत, आणि भारताने मालवाहतुकीची बहुतेक नाकी बंद केली. २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंपाने कंबरडे मोडलेल्या नेपाळला त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून पुढचे काही महिने इंधन आणि गॅसच्या टंचाईला तोंड द्यावे लागले. नव्या संविधानावरून मधेशात, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडील सपाट पट्ट्यात, आंदोलन पेटले होते आणि नाकाबंदीचे खापर नेपाळने भारतावर फोडले, तर भारताने ते नाकारले. २०२० च्या मे महिन्यात सीमेवरील लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या उद्घाटनानंतर नेपाळने कालापानी, लिपुलेख व लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला आणि जूनमध्ये त्यासाठी संविधानही दुरुस्त केले. या प्रत्येक वेळी माल अडला किंवा शब्द तापले, पण सातवे कलम कोणीही हातात घेतले नाही. माणसांची ये-जा खऱ्या अर्थाने थांबली ती मार्च २०२० च्या अखेरीस, आणि तीही महासाथीमुळे. आंब्याचा हंगाम संपत आला आणि परतीचा रस्ता बंद, अशी अवस्था त्या वर्षी आपल्याकडे अनेक बागांत झाली होती. कराराच्या दहाव्या कलमाप्रमाणे कोणत्याही पक्षाला तो मोडायचा असेल तर एक वर्षाची पूर्वसूचना द्यावी लागते. तेव्हा सरकार बदलले म्हणून एका रात्रीत आपली बाग राखणदाराविना पडेल, ही भीती निराधार आहे.

हा करार नेपाळमध्ये लोकप्रिय नाही, हेही जाणून घ्यावे. वंशपरंपरेने पंतप्रधानपद सांभाळणाऱ्या राणा घराण्याची राजवट शेवटचे आचके देत असताना तो झाला, शिवाय शस्त्रखरेदी आणि परस्पर सल्लामसलत यांविषयीची त्यातील व्यवस्था अनेक नेपाळी लोकांना बरोबरीची वाटत नाही. तो तपासून पाहण्यासाठी दोन्ही देशांनी २०१६ मध्ये मान्यवरांचा एक संयुक्त गट नेमला, गटाने २०१८ मध्ये अहवाल तयारही केला, पण तो दोन्ही सरकारांनी स्वीकारलेला नाही. कधीतरी करार बदलला तरी खुल्या सीमेवर दोन्हीकडच्या लाखो लोकांचे पोट आहे, त्यामुळे तिला हात घालणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही, असे माझे मत आहे.

सवलतीच्या मर्यादाही मी पक्षकारांना स्पष्ट सांगतो, कारण करारातील शब्द आणि व्यवहार यांत अंतर आहे. वर्षानुवर्षे बाग राखणारा एखादा नेपाळी गडी विचारतो, ‘साहेब, इथे दोन गुंठे घेऊ काय?’ मालमत्तेची मालकी हे शब्द सातव्या कलमात आहेत खरे, पण परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे नेपाळी नागरिकाला भारतात स्थावर मालमत्ता घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा एवढीच मोकळीक आहे. शेतजमीन तर आपल्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकरी भारतीयालाही मिळत नाही. नेपाळमध्येही भारतीयाला जमीन घेता येत नाही. कोणी मध्यस्थ भाबड्या गड्याकडून पैसे घेऊन साध्या स्टँप पेपरवर जमीन ‘नावावर करून’ देत असेल तर तो उघड फसवतो आहे.

माझ्या मते आपल्याकडचा खरा प्रश्न सीमा बंद होण्याचा नाही. दार सताड उघडे असल्यामुळे या माणसांची कुठेच नोंद होत नाही, आणि नोंद नसल्यामुळे अडचणीच्या वेळी कोणताही हक्क सिद्ध करता येत नाही, हे दुखणे आहे. नेपाळचा वैदेशिक रोजगार कायदा २००७ चा आहे. त्याप्रमाणे कतार, सौदी किंवा मलेशियाला जाणाऱ्या कामगाराला श्रम स्वीकृती घ्यावी लागते, त्याचा विमा उतरतो, कल्याण निधीत त्याचे पैसे जमा होतात, तो परदेशात मेला तर घरच्यांना मदत मिळते. भारतात येणाऱ्याला ही स्वीकृती लागत नाही, म्हणून ते संरक्षणही नाही. इकडे भारतात परप्रांतीय मजुरांसाठीच्या कायद्यांची रचना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या कामगारापुरती आहे, त्यामुळे परदेशातून थेट आलेला माणूस त्यातूनही निसटतो. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांत १९५० च्या कराराचा आधार घेऊन नेपाळी कामगाराला भारतीय कामगारच मानले आहे, ही चांगली गोष्ट, पण आंब्याच्या किती बागा त्या निधीत नोंदलेल्या आहेत?

यावर उपाय मालकाच्या हातात आहे आणि तो स्वस्त आहे. प्रत्येक माणसाच्या नेपाळी नागरिकता प्रमाणपत्राची प्रत हंगामाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवावी. त्यावरील तारखा विक्रम संवतात असतात. जन्मसाल २०५२ दिसले की आपल्याकडचे कारकून हसतात किंवा कागद खोटा ठरवतात, प्रत्यक्षात ते इसवी सन १९९५-९६ असते. साधारण ५७ वर्षे वजा करावीत, आणि नेपाळी वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, बदलत असल्यामुळे महिना पाहून ५६ की ५७ ते ठरवावे. आधार, बँक आणि शाळा या तिन्ही ठिकाणी एकच इंग्रजी तारीख लिहिली गेली पाहिजे, कारण पुढे होणाऱ्या निम्म्या भानगडी तारखांच्या फरकातून होतात. पश्चिम नेपाळच्या सखल भागातील थारू समाजातील अनेकांचे आडनाव चौधरी असते आणि तेच आडनाव आपल्याकडेही असल्याने कागदावर गफलत होते, म्हणून जिल्हा आणि गाव नीट लिहून घ्यावे. पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, पोलीस पाटलांनाही कळवावे. नौकेवरच्या खलाशांच्या बाबतीत तर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर यात हयगय चालत नाही, आणि सागरी पोलिसांनी समुद्रात कागद मागितले तर ते तांडेलाजवळ, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाजवळ, हवेत, मालकाच्या घरच्या कपाटात असून उपयोग नाही.

आधारविषयी गैरसमज फार आहेत. बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी नागरिकाला आधार मिळू शकतो. नेपाळी पासपोर्ट असेल तर तो चालतो, नसेल तर नागरिकता प्रमाणपत्र आणि नेपाळी दूतावासाने दिलेले मर्यादित मुदतीचे फोटो ओळखपत्र असे दोन्ही लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला येऊन मिरगाच्या तोंडावर परतणारा राखणदार १८२ दिवसांची अट पुरी करतो. मात्र हे आधार वास्तव्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे. मतदार ओळखपत्र ‘करून देतो’ म्हणणाऱ्यापासून माणसाला दूर ठेवावे. तो नेपाळी नागरिक आहे हे लपवण्याची काहीच गरज नसताना, या एका खोट्या कागदामुळे त्याचे कायदेशीर वास्तव्य गुन्ह्यात जाऊ शकते.

नौकेविषयी एक वेगळी गोष्ट सांगतो. हे खलाशी मुख्यतः तराईच्या सखल पट्ट्यातून आणि डोंगराळ भागातून येतात, पुष्कळांना पोहता येत नाही, आणि १ ऑगस्टला बंदी उठून हंगाम सुरू होतो तेव्हा समुद्र खवळलेलाच असतो. जीवरक्षक जाकीट अंगावर हवे. कामावर असताना मृत्यू किंवा इजा झाल्यास भरपाई देण्याच्या कायद्यात कामगाराच्या नागरिकत्वाची अट नाही. १९२३ चा हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, तत्त्व तेच आहे. ‘नेपाळी होता, त्याला कुठला क्लेम’ असे बंदरावर म्हटले जाते ते चूक आहे. हक्क आहे. अडते ते एवढ्यावरच, की तो त्या नौकेवर कामाला होता हे दाखवणारा कागद नसतो, आणि मजुरी उचल म्हणून रोख दिलेली असल्याने किती पगार होता हेही ठरत नाही. खलाशांचा गटविमा आणि उचलीची सही केलेली वही, एवढे आपल्या चुलत्यांनी केले तरी पुष्कळ होईल.

ही माणसे मुळात येतात कोठून? आपल्या किनाऱ्यावरील बऱ्याच जणांचे जिल्हे विचारले तर कैलाली, बर्दिया, कंचनपूर ही नावे ऐकू येतात, शिवाय डोटी आणि अछामचे डोंगर. तराईतील या जिल्ह्यांना नेपाळमध्ये ‘नया मुलुक’, म्हणजे नवा प्रदेश, म्हणत. इंग्रजांशी झालेल्या १८१६ च्या सुगौली तहाने नेपाळने हा टापू गमावला होता. १८५७ च्या उठावात जंगबहादूर राणांनी इंग्रजांना फौजेची मदत केली, म्हणून १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर नेपाळला परत मिळाले. त्याच उठावात हरलेले नानासाहेब पेशवे १८५९ मध्ये नेपाळच्या तराईत आसऱ्याला गेले होते, आणि पेशव्यांचे मूळ घराणे आपल्या श्रीवर्धनचे. इतिहासाचा हा योगायोग बाजूला ठेवला तरी पुढची गोष्ट थेट आपल्या विषयाची आहे. या पट्ट्यातील थारू लोक पिढ्यान्‌पिढ्या कमैया म्हणून जमीनदारांकडे कर्जापोटी राबत होते. नेपाळ सरकारने जुलै २००० मध्ये ती पद्धत रद्द केली, माणसे मोकळी झाली, पण पुरेशी जमीन हाती आली नाही. पोटासाठी बाहेर पडण्याशिवाय अनेकांना इलाज राहिला नाही. आपण उचल देऊन माणूस बांधून ठेवतो तेव्हा समोरच्याच्या घराण्यात त्या व्यवहाराची आठवण काय आहे, याचा विचार व्हावा.

आता पैशांचा प्रश्न. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, आज आणि वर्षभरानंतरही. त्यामुळे दराच्या चढउताराची चिंता नाही, आणि हुंडीवाला ‘जास्त दर देतो’ म्हणत असेल तर त्यात काळेबेरे आहे. रीतसर मार्ग म्हणजे रिझर्व्ह बँकेची भारत–नेपाळ निधी प्रेषण योजना, जी २००८ पासून चालू आहे. एनईएफटी असलेल्या कोणत्याही बँक शाखेतून तिच्याद्वारे पैसे पाठवता येतात, पलीकडे नेपाळ एसबीआय बँकेमार्फत घरच्यांना नेपाळी रुपये मिळतात. खाते असेल तर एका वेळी दोन लाख रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते. खाते नसताना ओळखीचा पुरावा देऊन रोख भरायची असेल तर मर्यादा पन्नास हजारांची, आणि वर्षाला बारा वेळा. खेड्यातील शाखेत ‘अशी काही योजना नाही’ हे उत्तर हमखास मिळते. तेव्हा योजनेच्या नावासह लेखी अर्ज द्यावा, म्हणजे शाखाधिकारी वरच्या कार्यालयाला विचारतात.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण कंबरेला रोकड बांधून चार दिवसांचा प्रवास करणाऱ्याचे नुकसान चोरीनेच होते असे नाही. २०१६ च्या नोटाबंदीत नेपाळमधील घराघरांत ठेवलेल्या पाचशे-हजारच्या भारतीय नोटा अडकून पडल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी आणि जवळ प्रवासखर्चापुरतीच रक्कम, शक्यतो लहान नोटांत, ठेवावी.

व्यापाराविषयी आपण विचारले नाही, पण काठमांडूला हापूस किंवा आंब्याचा गर विकता येईल काय, असे आपल्या भागातील काही जण विचारत असतात. नेपाळच्या परदेशी व्यापाराचा सुमारे दोन तृतीयांश भाग भारताशी आहे. १९९६ पासून नेपाळमध्ये तयार झालेल्या मालाला भारतात बहुतांशी शुल्कमाफी आहे, तिच्यातून गमतीही घडतात : पाम पिकत नसलेल्या देशाच्या निर्यातीत काही वर्षे पाम तेल वरच्या क्रमांकावर दिसले, कारण कच्चे तेल बाहेरून आणून शुद्ध करून भारतात शुल्काविना धाडणे परवडते. खरा नेपाळी माल म्हणाल तर मसाला वेलची, जी आपल्या मालवणी मसाल्यात पडते. तिच्या उत्पादनात नेपाळ जगात अग्रेसर आहे. विजेचाही व्यापार वाढतो आहे, जानेवारी २०२४ च्या करारात दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट नेपाळी वीज घेण्याचे भारताने मान्य केले. मात्र नाशवंत फळाच्या बाबतीत सावध राहावे. जून २०१९ मध्ये नेपाळने भारतीय भाज्या-फळांची कीटकनाशक तपासणी अचानक सक्तीची केली, सीमेवर ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि भारताच्या आक्षेपानंतर काही आठवड्यांत निर्णय मागे घेतला. तेवढ्या अवधीत हापूसची पेटी पाणी सोडते. गराचे डबे पाठवणे वेगळे, त्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडता येईल.

मुलीच्या शिक्षणाविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालकाचा’ उल्लेख आहे आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्यामुळे तिचे आठवीपर्यंत निर्विघ्न पार पडले. महाराष्ट्र मंडळाची दहावी झाली की अकरावीलाही अडचण येऊ नये. पेच बारावीनंतर सुरू होतो, कारण तेव्हा अधिवास आणि राष्ट्रीयत्व हे शब्द अर्जात येतात. मुलगी रत्नागिरीच्या रुग्णालयात जन्मली असली तरी ती भारतीय नागरिक नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्याला जन्माने नागरिकत्व मिळण्यासाठी आईवडिलांपैकी निदान एक जण भारतीय असावा लागतो. अर्जात राष्ट्रीयत्व ‘नेपाळी’ असेच लिहावे. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या जागा आणि शुल्क वेगळे असतात, म्हणून महाविद्यालयाची निवड करण्यापूर्वी त्यांचे परदेशी विद्यार्थ्यांविषयीचे नियम लेखी मागवावेत. काठमांडूतील भारतीय दूतावास नेपाळी विद्यार्थ्यांना दरवर्षी हजाराहून अधिक शिष्यवृत्त्या देतो, त्यांचे अर्ज तिकडून करायचे असतात, तेव्हा इथे दहावी झालेल्या मुलीने त्यांच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

याहून मोठी संधी बहुतेक पालकांना ठाऊकच नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत प्रशासकीय, परराष्ट्र आणि पोलीस या तीन सेवा सोडल्या तर अन्य सेवांसाठी नेपाळचा नागरिकही पात्र असतो. केंद्र सरकारच्या अन्य काही भरती परीक्षांतही हीच तरतूद आहे. निवड झाल्यास भारत सरकारचे पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यासाठी, तसेच महाविद्यालय, बँक आणि पुढे पासपोर्टसाठीही, तिच्याकडे स्वतःचे नेपाळी नागरिकता प्रमाणपत्र असणे हा पाया आहे, आणि ते सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर वडिलांच्या जिल्ह्यातील प्रशासन कार्यालयात, सहसा वडिलांच्या उपस्थितीतच मिळते. देवगडात बसून ते निघत नाही. म्हणून ती सोळा पूर्ण करील त्या वर्षीच्या पावसाळ्यात, बागेचे काम आवरून माणसे गावी निघतील तेव्हा, तिला त्यांच्यासोबत पाठवावे, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपंचायतीचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला बरोबर द्यावा, दोन्हींवरील जन्मतारीख एकच आहे ना हे आधी आपण स्वतः तपासून घ्यावे, आणि अकरावीच्या प्रवेशाच्या तारखा आड येणार असतील तर हे काम दहावीच्या सुट्टीतच उरकता येते का, ते तिच्या वडिलांशी आताच बोलून ठरवावे.